बोटीवर आवाज नेमका कुठे मुरतो?

गाण्यांच्या प्लेअरला किंवा फोनला इअरफोन लावले की निम्म्या आवाजातच कान भरून जातात. तोच प्लेअर बोटीच्या स्पीकरना जोडा, आवाज पार शेवटापर्यंत न्या, तरी इंजिन चालू होताच गाणं कुठल्या कुठे जातं. मग जो तो सांगतो की मोठ्या वॉटचे स्पीकर घ्या. माझ्या मते स्पीकर बदलणं हे अगदी शेवटचं काम आहे. आधी पाणी कुठे मुरतंय ते शोधायला हवं, आणि ते बहुतेक वेळा स्पीकरच्या बरंच अलीकडे मुरत असतं.

आमची बोट लहान आहे. उघडा कॉकपिट, पुढे दोन माणसं जेमतेम आडवी होतील एवढी केबिन, मागे बाहेरून टांगलेलं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. सुकाणूवर बहुतेक वेळा दादा असतो. बॅटरी, वायरिंग आणि गाणी हे माझं खातं. "अगं, ऐकू येत नाहीये, वाढव की!" असं तो मागून ओरडायचा आणि वाढवायला काही उरलेलंच नसायचं. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले, आणि आता मला यात मनापासून रस आहे.

सुरुवात प्लेअरपासून. त्याचं हेडफोनचं आउटपुट १६ ते ३२ ओहमच्या (ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप) इअरफोनसाठी बनवलेलं असतं. चांगला प्लेअर पूर्ण आवाजाला साधारण १ व्होल्ट देतो. ३२ ओहममध्ये १ व्होल्ट म्हणजे ३१ मिलिवॉट. कानाच्या आत बसणाऱ्या इअरफोनला एवढी ताकद भरपूर झाली. बोटीचा स्पीकर मात्र ४ ओहमचा असतो. तिथे तोच १ व्होल्ट टिकवायचा तर पाव अँपिअर करंट लागेल, आणि प्लेअरमधली ती चिमुकली चिप तेवढा करंट देऊच शकत नाही. आउटपुटला कपॅसिटर, म्हणजे खालचे स्वर अडवणारा भाग, असलेल्या काही जुन्या प्लेअरची तर आणखी अडचण. २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२ ओहमच्या इअरफोनबरोबर २० हर्ट्झच्या आसपासपर्यंत बेस सोडतो, पण ४ ओहमच्या स्पीकरबरोबर १८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापायला लागतो. म्हणजे आवाज लहान, वर कोरडाही.

आता डेसिबलचा हिशेब करून बघा. बोटीच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर किती आवाज, साधारण ८८ डेसिबल धरू. ३० मिलिवॉट दिले तर त्यातले १५ डेसिबल वजा होतात आणि १ मीटरवर ७३ उरतात. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आणखी ६ डेसिबल जातात, म्हणजे २ मीटरवर ६७. वेगात धावणाऱ्या उघड्या बोटीत इंजिन, वारा आणि पाणी मिळून ८५ डेसिबलच्या आसपास सहज पोहोचतात. ६७ ची ८५ पुढे काय डाळ शिजणार? घरात हेच ६७ चांगले ऐकू येतात, कारण तिथे भिंती आणि छत आवाज परत फेकतात. पाण्यावर एकदा गेलेला आवाज गेलाच.

तेव्हा मध्ये अँप्लिफायर हवाच, याला पर्याय नाही. पण कुठला? इथे खोक्यावर छापलेल्या आकड्यांपासून सावध राहायचं. बोटीच्या स्टिरिओतली, १२ व्होल्टवर थेट चालणारी अँप्लिफायरची चिप, ब्रिज पद्धतीने (स्पीकरची दोन्ही टोकं चालवणारी) जोडलेली असली तरी, ४ ओहमच्या स्पीकरमध्ये स्वच्छ आवाजाचे १५ ते २० वॉटच देते. बाहेर मात्र '४ गुणिले ५०' असं छापलेलं असतं, कारण तो आकडा कमाल क्षणाचा, आवाज पार फाटलेला असतानाचा. अँप्लिफायर घेताना आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे, वॉट बघायचे, आणि सीईए-२००६ या मानकाप्रमाणे मोजलेले असतील तर उत्तमच. त्यात १४.४ व्होल्टला, ४ ओहमवर, १ टक्क्याच्या आत विकृती ठेवून मोजावं लागतं, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतात.

खरं तर २० स्वच्छ वॉटसुद्धा खूप असतात. वरच्याच स्पीकरला २० वॉट दिले तर २ मीटरवर ९५ डेसिबल मिळतात, इंजिनाच्या दहा डेसिबल वर. २० चे ५० केले तर फक्त ४ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. म्हणून ५० की ६० वॉट या वादात मी पडत नाही. वेगळा अँप्लिफायर मी घेतला तो आत व्होल्टेज वाढवणारा सप्लाय असतो म्हणून, आणि क्लास डी प्रकारचा घेतला तो ८५-९० टक्के कार्यक्षम असतो म्हणून. नांगर टाकून इंजिन बंद असताना बॅटरी जपायची असते.

तरीही सर्वात जास्त आवाज हरवताना मी पाहिलाय तो प्लेअर आणि अँप्लिफायर यांच्यामधल्या त्या हातभर केबलमध्ये.

युरोपातल्या ईएन ५०३३२ या मानकाने सुट्या विकल्या जाणाऱ्या प्लेअरचं आउटपुट १५० मिलिव्होल्टवर बांधून टाकलं होतं, कानांच्या काळजीपोटी. हेतू रास्तच आहे. पण १ व्होल्ट आणि १५० मिलिव्होल्ट यांत साडेसोळा डेसिबलचा फरक पडतो. तसा प्लेअर आणि तसा नसलेला प्लेअर एकाच अँप्लिफायरला लावले तर दोन वेगळ्या बोटींवर बसल्यासारखं वाटेल. शिवाय बऱ्याच फोनमध्ये सेटिंगच्या पोटात कमाल आवाजाची मर्यादा असते, ती कुणीतरी कधीतरी लावलेली असते आणि मग विसरली जाते. गाण्यांची पातळी सारखी करणारी सोयही असते. स्पॉटिफायवर सर्वसाधारण सेटिंगला ती उणे १४ एलयूएफएस (गाण्याच्या सरासरी आवाजाचं माप) असते आणि मोठ्या आवाजाच्या सेटिंगला उणे ११, म्हणजे नुसतं तिथे बोट लावून ३ डेसिबल मिळतात. ब्लूटूथ वापरत असाल तर फोनचा आवाज वेगळा आणि स्टिरिओचा वेगळा असू शकतो. फोनचा वर नेऊन ठेवायचा आणि रोजचं कमी-जास्त स्टिरिओवर करायचं.

आणि मग तो प्लग. ओळखीच्या एका कुटुंबाच्या बोटीवर गेले होते. तिथले काका म्हणाले, "आवाज लहान येतो आणि गाणारा माणूसच गायब होतो, बाकी वाद्यं वाजतात." मला ऐकूनच बरं वाटलं, कारण हे लक्षण फार स्पष्ट आहे. ३.५ मिलिमीटरच्या साध्या प्लगवर टोकाला डावा चॅनल, मधल्या कड्याला उजवा आणि मागे ग्राउंड, म्हणजे दोन्हींची परतीची सामायिक वाट, असते. ग्राउंड सुटलं की अँप्लिफायरला डाव्या-उजव्यातला फरक तेवढा मिळतो. गायकाचा आवाज दोन्ही चॅनलमध्ये सारखाच असतो, त्यामुळे वजाबाकीत तो नाहीसा होतो. उरतात ती कडेची वाद्यं आणि मागचा घुमारा. त्यांच्या फोनला पाणी लागू नये म्हणून जाड रबरी केस होती. केसच्या कडेला प्लगची जाड मूठ अडत होती आणि प्लग जेमतेम मिलिमीटरभर बाहेर राहत होता. एवढंच. केस काढली, प्लग 'टक' करून आत बसला आणि गायक परत आला. काकांनी लगेच बारीक मुठीची केबल मागवली. आवाज लहान येतोय अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी सर्वात आधी विचारते, गायक ऐकू येतोय का?

खाऱ्या हवेत त्या जॅकवर हिरवट थर चढतो, तो अधूनमधून पुसायचा. प्लेअर शक्य तर झाकणाच्या कोरड्या डब्यात, सावलीत. उन्हात फोन तापून बंद पडतो.

यानंतर गेन. अँप्लिफायरवरचा हा छोटा स्क्रू आवाजाचं बटण नाही. समोरून किती व्होल्ट येणार आहेत, हे अँप्लिफायरला सांगण्यासाठी तो असतो. बहुतेक अँप्लिफायरवर साधारण ०.२ ते ५-६ व्होल्टपर्यंतची सोय असते. माझी पद्धत साधी आहे. नांगर टाकायचा, इंजिन बंद करायचं, गेन पार खाली घ्यायचा. इक्वलायझर सपाट. ज्या गाण्याचा कोपरान्‌कोपरा माहीत आहे ते लावायचं आणि प्लेअरचा आवाज ८०-९० टक्क्यांवर न्यायचा. मग गेन हळूहळू वर, आवाजाची कड खरखरीत व्हायला लागेपर्यंत. 'स'कार फुटायला लागतात, ठोके मऊ पडतात, ते कानाला कळतं. तिथून थोडं मागे यायचं आणि स्क्रूला पुन्हा हात लावायचा नाही. प्लेअर ४० टक्क्यांवर ठेवून गेन पूर्ण फिरवला तरी आवाज येतो, पण सोबत फुसफुसही तेवढीच वाढते. आणि गेन तसाच असताना कुणी प्लेअर शेवटापर्यंत नेला तर अँप्लिफायरचा आवाज फाटतो आणि त्याचा पहिला बळी ट्वीटर, म्हणजे बारीक स्वरांचा छोटा स्पीकर.

बेसच्या बाबतीत मी जरा आग्रही आहे. इक्वलायझरवर बेस ६ डेसिबलने चढवला की त्या पट्ट्यात अँप्लिफायरकडे चौपट ताकद मागितली जाते. साडेसहा इंची स्पीकर उघड्या कॉकपिटमध्ये ८० हर्ट्झच्या खाली काहीही करत नाही, नुसता कोन आत-बाहेर हलतो. म्हणून अँप्लिफायरवरचा हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक हर्ट्झच्या खालचं कापणारा, ८० ते १०० हर्ट्झवर लावून टाकते. जे ऐकूच येणार नाही त्यावर खर्च होणारी ताकद माणसाच्या आवाजाकडे वळते, कोन शांत होतो, आणि गाणं आहे त्याच वॉटमध्ये स्पष्ट, मोठं होतं. एका फुकटच्या स्विचमधून एवढा फरक पडलेला मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

वायरिंगबद्दल लोक फार बोलतात, तर त्याचाही खरा हिशेब मांडते. बॅटरी मागे, अँप्लिफायर कन्सोलखाली (सुकाणूच्या खोक्याखाली), अंतर ५ मीटर. जाऊन-येऊन १० मीटर तांबं. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरला मीटरमागे साडेअकरा मिलिओहम, म्हणजे एकूण ०.११५ ओहम. १० अँपिअर वाहिले की १.१५ व्होल्ट वायरमध्येच गेले. ६ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर हाच तोटा ०.३ व्होल्टच्या आत येतो. आता १.१५ व्होल्ट गेल्याने आवाज किती पडतो? डेसिबलमध्ये मोजला तर एकही पूर्ण नाही. दुखणं वेगळंच आहे. दिवसभर दिवे आणि पंप चालवून बॅटरी १२ च्या खाली आलेली असते, त्यात एखादं टर्मिनल गंजलेलं, आणि मोठ्या ठोक्याला व्होल्टेज इतकं घसरतं की अँप्लिफायर स्वतःला वाचवायला बंद पडतो. गाणं चालू, बंद, चालू. हे तपासायचं ते गाणं जोरात वाजत असताना, मल्टिमीटरची टोकं अँप्लिफायरच्या टर्मिनलवर ठेवून. बंद अवस्थेत १२.६ दिसले तर त्यातून काहीच कळत नाही. वायर कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची घ्यावी. आणि फ्यूज बॅटरीजवळ. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात मूळ नियम ७ इंचांच्या आतचा आहे. फ्यूज असतो वायरला आग लागू नये म्हणून, त्यामुळे तो कन्सोलमध्ये बसवण्यात अर्थ नाही.

आता स्पीकर. यात पैसे जवळपास लागत नाहीत, कष्ट लागतात. स्पीकर २ मीटरवरून १ मीटरवर आणला तर ६ डेसिबल मिळतात, म्हणजे अँप्लिफायर चौपट केल्यासारखं. आमचे स्पीकर कॉकपिटच्या कडेला खाली, घोट्यांच्या उंचीवर होते. बारीक स्वर सरळ रेषेत जातात. ते बसणाऱ्यांच्या पोटऱ्यांवर आणि टेकवून ठेवलेल्या गाद्यांवर आदळून संपायचे. मी ते उचलून बसणाऱ्याच्या खांद्याच्या उंचीला, कानाकडे किंचित वळवून बसवले. दादा तेव्हा म्हणाला होता, "एवढी भोकं पाडतेस बोटीला, नक्की ना?" पण पहिलं गाणं लागल्यावर त्यानेच हात वर करून आवाज कमी करायला सांगितलं. जागा बदलताना एकच गोष्ट कटाक्षाने बघितली: होकायंत्र. स्पीकरच्या चुंबकाने सुई हलते. म्हणून स्क्रू मारण्याआधी स्पीकर नुसता त्या जागी धरला आणि दादाला सुईकडे बघायला सांगितलं. जिथे हलली ती जागा बाद.

स्पीकरच्या कोनाची मागची बाजूही आवाज करते, पण उलटा. भोक आणि स्पीकर यांच्यात फट असेल तर मागचा आवाज पुढे येऊन पुढच्याला खातो आणि बेस नाहीसा होतो. कडेखाली फोमची गॅस्केट घालायची, स्क्रू समोरासमोरचे थोडे-थोडे आवळायचे. पाठीमागचं कपाट कॉकपिटमध्ये उघडत असेल तर त्याचं दार नीट बसलंय का बघायचं.

तसंच पोलॅरिटी. दोन स्पीकरपैकी एकाच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या की एक बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, आणि बेस पुन्हा गायब. हे तपासायला दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. अँप्लिफायरच्या टोकाला स्पीकरच्या दोन्ही वायरी सोडवायच्या आणि क्षणभर सेलला टेकवायच्या, अँप्लिफायरच्या + टर्मिनलवरून सोडवलेली धनाला, दुसरी ऋणाला. दुसऱ्या माणसाने स्पीकरची जाळी काढून कोनाच्या कडेला अगदी हलकं बोट ठेवायचं. 'खुट्‌' असा आवाज होतो आणि कोन बाहेर यायला हवा. आत गेला तर वायर वाटेत कुठेतरी उलटली आहे. बोटीत हे सहज होतं, कारण वायरी पॅनेलमागून जातात आणि मधल्या जोडावर रंग बदललेला असतो. जुन्या बोटीत दोन्ही स्पीकरची ऋण वायर एकच ठेवलेलीही सापडते. ब्रिज आउटपुटच्या अँप्लिफायरला ती अजिबात चालत नाही. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र दोन वायरी ओढून घ्याव्यात.

आणखी एक, फोनमधलं मोनो ऑडिओ, म्हणजे दोन्ही चॅनल मिसळून दोन्ही स्पीकरना सारखंच देणारी सोय, चालू करून ठेवा. कॉकपिटमध्ये प्रत्येक जण एकाच स्पीकरजवळ बसतो. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गाणारा एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला असतात. उजवीकडे बसलेल्याला अर्धंच गाणं मिळतं आणि तो आवाज वाढवा म्हणतो.

प्लेअर त्याच बॅटरीवर चार्ज करताना इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर तो ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंड दोन वाटांनी जोडलं गेल्याने शिरलेला गोंगाट. केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घालायचा किंवा ब्लूटूथवर जायचं, विषय संपला.

एवढं सगळं केल्यावर बोटीवर इतका आवाज मिळतो की दुसरी काळजी सुरू होते. समुद्रावरची टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम म्हणतो की प्रत्येक जहाजाने सतत डोळ्यांनी आणि कानांनी टेहळणी ठेवली पाहिजे. त्यात लहान बोटीला सूट नाही. धुक्यात समोरच्याचा भोंगा, व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनलवरची हाक, इंजिनाचा बदललेला सूर, पाण्यात पडलेल्या माणसाची आरोळी, यांचा कानोसा घेता यायलाच हवा. मी गाणं इंजिनावर मात करायला वाजवत नाही. वेगात असताना ते चक्क खाली आणते आणि इंजिन मंदावलं की वर नेते.

यासाठी प्लेअर शोधत बसणं परवडत नाही. अँप्लिफायरला एक बारीक रिमोट वायर असते, तिच्यावर १२ व्होल्ट असतील तरच तो जागा राहतो. त्या वायरवर मी एक जलरोधक टॉगल स्विच घातला आणि तो थ्रॉटलच्या (इंजिनाचा वेग ठरवणाऱ्या दांड्याच्या) शेजारी बसवला. ही दादाची अट होती, आणि ती मला शंभर टक्के पटली. वायरमधून जाणारा करंट नगण्य असल्याने स्विच छोटासा पुरतो. रेडिओवर कुणी बोललं, धुकं उतरलं किंवा कुणी "ए!" म्हणून ओरडलं की सुकाणूवर जो असेल त्याने आधी तो स्विच पाडायचा. बोटीवर नवीन कुणी आलं की लाइफजॅकेट दाखवतानाच हा स्विचही आम्ही त्याला हाताने पाडून बघायला लावतो.